ग्रँड विटारा की हायरायडर? डोक्याचा पार भुगा झालाय

आंबोळी_चटणी
नमस्कार मंडळी. जुनी डिझेल स्विफ्ट आता काढायची आहे. नवीन गाडी थोडी उंच हवी एवढं नक्की, आणि बघून बघून शेवटी दोनच उरल्यात, मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर. दोन्ही चालवून बघितल्या. डॅशबोर्ड तोच, एसीची बटणं तीच, दार लावल्यावर येणारा आवाजसुद्धा तोच. स्टीअरिंगवरचा लोगो झाकला तर कुठल्या गाडीत बसलोय ते सांगता यायचं नाही.

माझा वापर सांगते. राहायला कोल्हापूर. घर, ऑफिस, पोरांचे क्लास, भाजी. गाव देवगडकडे, तिकडे करूळ घाटातून जाणं-येणं चालूच असतं. वर्षाला साधारण १२ हजार किमी. आईचे गुडघे दुखतात त्यामुळे चढ-उतार सोपा हवा. मे महिन्यात डिकीत आंब्याच्या पेट्या. ऑटोमॅटिकच हवी, क्लच दाबून दाबून पाय गेलाय. बजेट वीस लाखाच्या आत ऑनरोड.

प्रश्न दोन. एक, दोघींत नक्की फरक काय? दोन, स्ट्राँग हायब्रिडचे (जी थोडा वेळ नुसत्या इलेक्ट्रिक मोटरवरही चालते ती) जादा पैसे वसूल होतात का? शोरूमवाले काय सांगणार ते मला माहीत आहे, तुम्ही सांगा.

खड्डेश्वर
फरक: लोगो. धागा संपला, चला जेवायला.

निवांत_नाना
खड्डेश्वर, अगदीच तसं नाही पण जवळपास तसंच.

टोयोटा आणि सुझुकीचं २०१७ पासून जमलंय. आधी आपल्याकडे काय व्हायचं तर मारुतीची गाडी घ्यायची आणि टोयोटाचा बिल्ला लावायचा. २०१९ मधे बलेनोची ग्लांझा झाली, पुढे ब्रेझाची अर्बन क्रूझर, एर्टिगाची रुमियन, फ्राँक्सची टायझर. त्यामुळे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की हायरायडर म्हणजे पण विटाराला टोयोटाचे कपडे. इथे गंमत उलटी आहे. २०२२ मधे आलेल्या या दोन्ही गाड्या बंगळूरजवळ बिडदीला टोयोटाच्याच कारखान्यात तयार होतात. म्हणजे मारुतीचा बिल्ला लावलेली विटारा टोयोटाच्या लाइनवरून उतरते. आमच्या शेजारच्यांना हे सांगितलं तर ते माझ्याकडे मी खुळा असल्यासारखं बघायला लागले.

आता इंजिनाचं. माइल्ड हायब्रिडमधलं (जिच्यात मोटर इंजिनाला फक्त थोडा हातभार लावते) दीड लिटरचं चार सिलिंडरवालं इंजिन सुझुकीचं. स्ट्राँग हायब्रिडमधलं दीड लिटरचं तीन सिलिंडरवालं इंजिन आणि सगळी हायब्रिड यंत्रणा टोयोटाची. आणि हे दोन्ही बिल्ल्यांत तसंच. म्हणजे कोणी "टोयोटाचं इंजिन पाहिजे म्हणून हायरायडर घेतली" म्हणाला आणि गाडी माइल्ड असेल, तर त्याच्या बॉनेटखाली सुझुकी आहे. आणि विटारा हायब्रिडवाल्याच्या बॉनेटखाली टोयोटा. म्हणून आधी बिल्ला नाही, आधी इंजिन ठरवा.

सातारी_कंदी
नानांना +१. भावा, तू आधी माइल्ड का स्ट्राँग ते ठरव, बाकी सगळं नंतर. आणि सनरूफच्या नादाला लागू नकोस, कोकणात चार महिने पाऊस आणि बाकीचे आठ महिने ऊन, उघडणार कधी?

आंबोळी_चटणी
भावा नाही हो, ताई :) सनरूफ मला नकोच आहे, पोरांना हवंय. त्यांना मान वर काढून उभं राहायचंय, आणि ते मी चालत्या गाडीत मरेपर्यंत करू देणार नाही.

सातारी_कंदी
सॉरी ताई. आयडी आंबोळी_चटणी, त्यावरून कसं कळणार.

घाटमाथा
माझ्याकडे हायब्रिड आहे (कुठल्या बिल्ल्याची ते मुद्दाम सांगत नाही, नाहीतर इथे दोन पार्ट्या पडतील) आणि राहायला मी घाटाच्या तोंडाशी आहे, त्यामुळे थोडं लिहितो.

शहरात ही गाडी म्हणजे सुख आहे. सिग्नलला इंजिन बंद, निघताना मोटरवर आवाज न करता निघते, ट्रॅफिकमधे बराच वेळ इंजिन लागतच नाही. सकाळी सातला सोसायटीतून बाहेर पडलो तर कुत्रंसुद्धा मान वर करत नाही. कंपनीचा आकडा लिटरला २७.९७ आहे. तेवढं मिळत नाही, पण शहरात वीसच्या वर आरामात मिळतं, आणि पेट्रोलच्या ऑटोमॅटिकला शहरात एवढं मिळणं अशक्य.

घाटाची गोष्ट वेगळी. बॅटरी छोटी आहे, पाऊण युनिटच्या आसपास. चढाला लागलात की ती बघता बघता खाली येते आणि मग सगळा भार इंजिनवर. तेव्हा ते तीन सिलिंडरचं इंजिन जे ओरडायला लागतं, पहिल्यांदा घाटात नेली तेव्हा बायको म्हणाली गिअर टाका की! गिअर आहेतच कुठे. गाडी चढते, मागे पडत नाही, पण आवाज सहन करावा लागतो. ओव्हरटेक करायचा तर जागा बघूनच करा, एकूण ताकद ११५ पीएस आहे, डिझेलसारखा खालून धक्का येत नाही.

उतरताना मात्र मजा. ब्रेकवर पाय ठेवला की बॅटरी भरत जाते. लांब उताराला ती पूर्ण भरली की मग पुढे चार्ज घ्यायला जागा नसते, तेव्हा लीव्हर बी वर टाकायचा, इंजिन गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. हे डिलिव्हरी देताना कोणी सांगत नाही. करूळ उतरणार असाल तर लक्षात ठेवा.

डिझेलप्रेमी_अण्णा
म्हणूनच सांगतो डिझेल ते डिझेल. ताई ती स्विफ्ट विकू नका. तसलं इंजिन आता होणे नाही.

खड्डेश्वर
अण्णा आले. मारुतीने एप्रिल २०२० ला डिझेल बंद केलं, अण्णांनी अजून सुतक सोडलेलं नाही.

डिझेलप्रेमी_अण्णा
हसा. घाटात चौथ्या गिअरमधे मी तुमच्या हायब्रिडच्या शेजारून जाईन तेव्हा बघू.

हिशेबनीस
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात देतो. वर्षाला १२ हजार किमी. माइल्ड १५ चं ॲव्हरेज देते धरू, म्हणजे ८०० लिटर. स्ट्राँग २२ चं देते धरू, म्हणजे ५४५ लिटर. वाचले २५५. पेट्रोल १०५ धरलं तर वर्षाला पावणेसत्तावीस हजार वाचतात. दोन गाड्यांच्या ऑनरोड किमतीत अडीच लाखाचा फरक धरला तर वसूल व्हायला नऊ वर्षं, आणि व्याज मी धरलेलंच नाही. निव्वळ पैशाचा विचार असेल तर माइल्ड घ्या आणि उरलेल्या पैशात पेट्रोल भरत बसा.

घाटमाथा
हिशेबनीस, गणित बरोबर पण मांडणी चुकली. त्यांना ऑटोमॅटिक हवी आहे. स्ट्राँग हायब्रिड ही ऑटोमॅटिकच असते, तिची तुलना माइल्ड मॅन्युअलशी कशी करता? माइल्ड ऑटोमॅटिक लावा. म्हणजे किमतीतला फरक दोन लाखाच्या आसपास येतो. आणि ती कोल्हापूर शहरात, क्लासच्या वेळेच्या गर्दीत १५ देणार नाही, १२ देईल. मग १००० लिटर विरुद्ध ५४५. वर्षाला पावणेअठ्ठेचाळीस हजार वाचले. चार वर्षं आणि वर थोडे महिने.

हिशेबनीस
मान्य, मॅन्युअलचा फरक लावला होता मी. पण मग त्यांच्या घाटाच्या खेपांना तुमची हायब्रिडपण २२ देणार नाही. पाच वर्षं धरा. गाडी दहा वर्षं ठेवणार असाल तर हायब्रिड, पाच वर्षांत बदलणार असाल तर नको.

शेंगदाणा_कूट
हे बेस्ट. दोन माणसांनी एकच गाडी घेऊन नऊ वर्षं आणि चार वर्षं अशी दोन उत्तरं काढली आणि दोघंही बरोबर.

पेटीवाला
ताई, आंब्याच्या पेट्यांचा उल्लेख केलात आणि कोणी त्यावर बोललंच नाही, सगळे ॲव्हरेजच्या मागे. स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी डिकीच्या खाली असते. त्यामुळे डिकीचा तळ वर येतो आणि एकसारखा सपाटही राहत नाही. माइल्डला ३७३ लिटर जागा, स्ट्राँगला २६५. शंभर लिटर गेले की!

लिटरवरून काही कळत नाही, कारण डिकीत आपण पाणी भरत नाही. माझ्या भावाने काय केलं, रिकामी लाकडी पेटी घेऊन शोरूममधे गेला. सेल्सवाली मुलगी बघतच राहिली. माइल्डमधे पेटी आडवी सरकते आणि वर दुसरी बसते. हायब्रिडमधे खालची बसली पण वरच्या पेटीची कड दाराच्या काचेला लागायला लागली, दार जोरात ओढलं असतं तर काच गेली असती. मागची सीट ६०-४० मधे पडते, त्यामुळे एक बाजू पाडून पेट्या लावता येतात, पण मग मागे दोनच माणसं. तुमची आई आणि दोन पोरं म्हणजे मागची सीट भरलेलीच.

आंबोळी_चटणी
बापरे, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. पेटी घेऊन जाण्याची आयडिया भारी आहे. उद्याच माळ्यावरून काढते.

चिमणराव_नागोया
जपानमधून. इथे हायब्रिड म्हणजे कोणी चर्चाही करत नाही, शेजारची आजीपण हायब्रिडच चालवते. पहिली प्रियस इथे डिसेंबर १९९७ ला आली, तेव्हा "नवीन तंत्रज्ञान, टिकेल का" ही भीती सोडून द्या. या हायब्रिडच्या गिअरबॉक्सला इसीव्हीटी म्हणतात, ते नाव ऐकून लोकांना पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी आठवतो आणि पट्टा तुटेल असं वाटतं. यात पट्टा नाही. एक ग्रहचक्रासारखा गिअरसेट असतो, त्याच्या एका बाजूला इंजिन आणि दुसऱ्या बाजूला दोन मोटर. क्लच नाही, गिअर बदलणं नाही, झिजण्यासारखं फार थोडं. त्या गिअरबॉक्सची काळजी करू नका.

बारा व्होल्टच्या बॅटरीची करा. हायब्रिडमधे मोठी बॅटरी असली तरी गाडी जागी करायला छोटी बारा व्होल्टची लागतेच. ती उतरली की मोठी कितीही भरलेली असो, गाडी रेडी दाखवत नाही. सुट्टीत महिनाभर गाडी बंद ठेवणार असाल तर अधूनमधून चालू करून अर्धा तास तशीच सोडा.

सातारी_कंदी
नागोयाहून धाग्यावर आलात, भारी वाटलं. तिकडे आंबोळी मिळते का हो?

चिमणराव_नागोया
बायको करते. तांदूळ बदलल्यामुळे चिकट होते. विषयांतर नको, नाहीतर नाना ओरडतील.

सावळ्या_विठ्ठलाची_माणसं
सीएनजी का नको? दोन्हीत माइल्डला सीएनजी मिळतं, किलोला २६.६ किमी. रोड टॅक्सही कमी लागतो.

आंबोळी_चटणी
सीएनजी मॅन्युअलमधेच आहे ना, आणि डिकीत टाकी. पेट्या टपावर का मग?

सावळ्या_विठ्ठलाची_माणसं
हो, ते खरं. मग व्हिक्टोरिस बघा की. सप्टेंबर २०२५ ला आलेली मारुतीचीच, टाकी गाडीच्या पोटाखाली असल्यामुळे डिकी मोकळी. हायब्रिडपण आहे त्यात. भारत एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत पाच स्टार.

निवांत_नाना
झालं. दोनात ठरत नव्हतं, यांनी तिसरी आणली.

रोड_टॅक्स_पीडित
टॅक्सचा विषय काढलातच तर बोलतो. चार मीटरपेक्षा लांब म्हणून या दोन्ही गाड्यांना २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी. फ्राँक्स चार मीटरच्या आत आणि इंजिन १२०० सीसीच्या आत, म्हणून तिला १८. मग आपलं राज्य दहा ते वीस लाखाच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स घेतं. हायब्रिड असली तरी पेट्रोलच धरतात, इलेक्ट्रिकसारखी सूट नाही. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मधे स्ट्राँग हायब्रिडचा टॅक्सच माफ करून टाकला होता. आणि आपण? आपण टोलच्या रांगेत.

आणि हो, गाडी दहा लाखाच्या वरची म्हणून डीलर १ टक्का टीसीएस (आधीच कापून घेतलेला इन्कम टॅक्स) घेणार. तो खर्च नाही, रिटर्न भरताना परत मिळतो. बरेच जण विसरतात. पावती जपून ठेवा.

सातारी_कंदी
टोयोटाचा कारखाना आपल्याकडे संभाजीनगरला आहे ना? मग ही गाडी आपलीच झाली, टॅक्स कमी पाहिजे.

रोड_टॅक्स_पीडित
कंदीसाहेब, तो कारखाना अजून व्हायचाय. जुलै २०२४ ला राज्य सरकारबरोबर करार झाला. ही गाडी येते कर्नाटकातल्या बिडदीहून, नानांनी वर लिहिलंय. प्रतिसाद वाचत चला.

कुडाळची_पोर
सर्व्हिसबद्दल बोला कोणीतरी. मी सिंधुदुर्गातली. खाली आमच्याकडे मारुतीचं वर्कशॉप शोधावं लागत नाही. ताई कोल्हापुरात आहेत म्हणजे तिथे दोन्हींची सोय, पण गावाला गाडी अडली तर काय याचा विचार करा. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड कुठेही होतं. हायब्रिडच्या हाय व्होल्टेज भागाला हात लावायला मात्र शिकलेला माणूस लागतो. बुकिंगच्या आधी वर्कशॉपमधे (शोरूममधे नाही, वर्कशॉपमधे) जाऊन सरळ विचारा, हायब्रिडचं ट्रेनिंग झालेला माणूस इथे रोज असतो की बोलवावा लागतो.

लगोरी_चॅम्पियन
वॉरंटीमुळे हायरायडर घ्या असं जे सगळे सांगतात ते जुनं झालं. आधी मारुतीची दोन वर्षं किंवा ४० हजार किमी होती आणि टोयोटाची तीन वर्षं किंवा एक लाख, तेव्हा त्या बोलण्यात दम होता. जुलै २०२४ पासून मारुतीनेही तीन वर्षं, एक लाख केली. हायब्रिड बॅटरीला दोन्हीकडे आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी. आता राहिलं काय? पुढचा चेहरा. मला विटाराचे तीन ठिपक्यांचे दिवे आवडतात, नवऱ्याला हायरायडर आवडते. शेवटी आम्ही क्रेटा घेतली.

खड्डेश्वर
हाहाहाहा, प्रतिसाद ऑफ द इयर.

गुडघेदुखी_काका
आईसाठी लिहितो. मी स्वतः त्या वयाचा. दोन्ही गाड्यांत मागे बसायला उंची ठीक आहे, बूड सरळ सरकतं, मोठ्या एसयूव्हीसारखं चढावं लागत नाही आणि स्विफ्टसारखं खड्ड्यात पडल्यासारखंही होत नाही. पण मोठ्या सनरूफवाल्या मॉडेलमधे मागचं छत खाली येतं. माझा मुलगा सहा फुटी, त्याचं डोकं टेकतं. तुमच्या आईला काही अडचण नाही, पण सनरूफ नको म्हणताच आहात तर वरचं मॉडेल घेऊच नका, पैसेही वाचतील. आणि टेस्ट ड्राइव्हला आईला घेऊन जा. शोरूमसमोरच्या रस्त्यावर फेरी मारून काही कळत नाही, मागे बसवून खराब रस्त्यावरून न्या.

बजेट_बबन
आणि हे पण, ॲक्सेसरीजच्या नावाखाली काय काय गळ्यात मारतात ते बघा. मला एका शोरूममधे (कुठल्या कंपनीचं ते जाऊ दे) कोटेशनमधे मॅट, मडफ्लॅप, अंडरकोटिंग, हँडलिंग असं सगळं आधीच टाइप करून दिलं. मी एकेक ओळ पेनाने खोडली. इन्शुरन्स बाहेरून घेतो म्हटलं तर "मग डिलिव्हरीला वेळ लागेल सर". मी म्हटलं लागू दे, मी कुठे पळून चाललोय. तिसऱ्या दिवशी फोन, गाडी तयार आहे. घेण्याआधी चासी नंबरवरून गाडी कुठल्या महिन्यात बनली ते विचारा, यार्डात सहा महिने ऊन खाल्लेली नको.

घाटमाथा
बबनला +१. दोन्ही शोरूममधे कोटेशन घ्या आणि एकाचं दुसऱ्याला दाखवा. गाडी एकच असल्याचा हा एक फायदा.

डिझेलप्रेमी_अण्णा
फोर व्हील ड्राइव्हबद्दल कोणी बोललं नाही.

घाटमाथा
अण्णा, ती माइल्डमधेच मिळते, स्ट्राँगमधे नाही. आणि कोल्हापूर-देवगड डांबरी रस्ता आहे हो. चिखलातल्या बागेत गाडी घालायची असेल तर वेगळं.

आंबोळी_चटणी
पुन्हा आले. थँक्यू सगळ्यांना. आईला आणि पेटीला घेऊन दोन्ही शोरूम पालथी घातली. आईला दोन्ही सारख्याच वाटल्या, तिचं म्हणणं "रंग कुठला ते बघ". पेटीची गोष्ट पेटीवाल्यांनी सांगितली तशीच निघाली, हायब्रिडला एकावर एक बसत नाहीत. पण मी विचार केला, पेट्या वर्षातून एकदाच आणायच्या, त्या मे महिन्यात एसटी पार्सलने किंवा टेंपोने येऊ शकतात. क्लासची ट्रॅफिक मात्र रोज आहे. गाडी मी दहा वर्षं ठेवणार, स्विफ्टही तेवढी वापरलीच. म्हणून हायब्रिड पक्की.

बिल्ल्याचं कुडाळच्या पोरीने सांगितलं तसं केलं, दोन्ही वर्कशॉपना जाऊन आले. एका ठिकाणी हायब्रिडचा माणूस तिथेच होता, त्याने गाडी उचलून खालून नारिंगी वायरिंग दाखवलं आणि कशाला हात लावायचा नाही तेही सांगितलं. दुसरीकडे "मॅडम, तसं लागलं तर बोलावू". पहिलं हायरायडरचं होतं आणि घरापासून दहा मिनिटांवर आहे, म्हणून हायरायडर. सनरूफ नसलेलं मॉडेल. पोरं दोन दिवस बोलत नाहीयेत.

पेटीवाला
अभिनंदन. एसटी पार्सलने आंबे नका पाठवू, दाबले जातात. मी टेंपोवाल्याचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करतो.

हिशेबनीस
अभिनंदन ताई. पहिल्या वर्षाचं ॲव्हरेज लिहून ठेवा, टाकी फुल टू फुल. स्क्रीनवर दाखवतं ते धरू नका. घाटमाथा आणि माझी पैज लागली आहे.

कुडाळची_पोर
रंग कुठला?

आंबोळी_चटणी
आई म्हणाली पांढरा. पांढरा.

वाचनमात्र_होतो
पहिल्यांदाच लिहितोय. धागा उत्तम. माझाही असाच प्रश्न आहे, फ्राँक्स टर्बो की टायझर टर्बो? वापर पुणे-नाशिक, दर शनिवार.

खड्डेश्वर
लोगो. बाकी नवीन धागा काढा.